आत्याचा अंगठा

माझं अक्षर चांगलं आहे. कौतुक म्हणून सांगत नाही, कबुली म्हणून सांगतो आहे. शाळेत या अक्षराला बक्षिसं मिळाली, पुढे ग्रामसेवकाच्या नोकरीत त्याच्याच जोरावर साहेबांचा लाडका झालो, आणि एका बाईला तिच्याच माणसांत मान खाली घालायला लावली तीही याच अक्षरानं. अजून गल्लीतले लोक लग्नपत्रिकांवर नावं घालून घ्यायला माझ्याकडे येतात. मी घालून देतो. पण कुणी अक्षराची तारीफ केली की मी चिडतो, आणि का चिडलो ते घरच्यांना कळत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझी पहिली नेमणूक येवला तालुक्यातल्या एका गावात झाली. मी नाशिक शहरात वाढलेला, चोवीस वर्षांचा. येवल्यात एका पैठणी विणणाऱ्याच्या माडीवर खोली घेतली होती. सकाळी खाली माग सुरू झाला की जाग यायची, मग चहा ढोसून गावची एसटी पकडायची. ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायतीचा चिटणीस. ठराव लिहायचे, दाखले द्यायचे, रस्त्यावरचे दिवे लागतात का ते बघायचं, पाण्याचं बघायचं, आणि वरून कुणी साहेब आला की चहा सांगायचा. गावात सगळे मला ‘भाऊसाहेब’ म्हणायचे. बापाच्या वयाची माणसं अहो-जाहो करायला लागली की चोवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली होती.

आमच्या सरपंचांना गाव अण्णा म्हणायचं. कांदा पिकवणारा माणूस, शिक्षण चौथी, पण कामाला वाघ. गावाला विहीर, टाकी आणि चौकात नळ आला तो अण्णांनी तालुक्याला चपला झिजवल्या म्हणून. चर खणायचं काम चाललं तेव्हा ते स्वतः फावडं घेऊन उभे राहिलेले मी बघितले आहेत. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना दोष देईल. दोष माझा आहे.

वर्ष संपलं की ग्रामपंचायतीला वार्षिक अहवाल द्यावा लागायचा. छापील तक्ता. वर्षभरात केलेलं काम, ठिकाण, आणि शेवटच्या रकान्यात त्या कामाची स्थिती. या शेवटच्या रकान्यात दोनच शब्द चालायचे, ‘पूर्ण’ किंवा ‘प्रगतिपथावर’. मला तो अहवाल लिहायला मनापासून आवडायचं. वेशीपर्यंतच्या रस्त्यावर मुरूम टाकला, शाळेच्या खोलीवर नवे पत्रे घातले, जनावरांना लसी टोचून घेतल्या, सगळं खरं होतं. झाडांचं तेवढं जरा विनोदी होतं. आम्ही ती दर पावसाळ्यात लावायचो आणि दर उन्हाळ्यात शेळ्या खाऊन टाकायच्या. खड्डे तेच, झाडं अहवालात दरवर्षी नवी. त्याचं मला काही वाटायचं नाही, अजूनही फारसं वाटत नाही.

वाटतं ते नळाचं. गावापासून ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती होती. तिथल्या बायका पाण्यासाठी ओढा उतरून चौकातल्या नळावर यायच्या. उघड कुणी काही बोलायचं नाही, पण गावातल्या बायकांचे हंडे भरून झाल्याशिवाय त्यांचा नंबर लागत नसे. तोवर कधी नळ जायचा. अण्णांनी ठरवलं की वस्तीत स्वतंत्र नळ द्यायचा. वस्तीच्या मधोमध सिमेंटचा ओटा बांधला, त्यावर पितळी तोट्यांचे दोन नळ बसवले. आलेले पाइप शाळेच्या पडवीत रचून ठेवले. राहिलं होतं ते फक्त ओढ्याखालून पाइप नेऊन त्या नळांना जोडणं.

त्याच वर्षी चांगलं काम करणाऱ्या ग्रामपंचायतीला ढाल द्यायचं जाहीर झालं. मी आमचा अहवाल घेऊन येवल्याला विस्तार अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी तो चाळला, अक्षराकडे बघून मान डोलावली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे वस्तीतल्या नळापुढे प्रगतिपथावर का लिहिलंय?”

“पाइप जोडायचा राहिलाय, साहेब.”

“पाइप आलाय ना?”

“आलाय. शाळेत पडलाय.”

“मग झालंच की. मार्चअखेर पूर्ण लिहायचं आणि पावसाच्या आत उरकून टाकायचं. सगळे तेच करतात. वस्तीतलं कामच अर्धं दाखवलंत तर ढाल कशी मिळणार?”

साहेब खोटं बोलत नव्हते. सगळे तेच करायचे. मार्चमध्ये त्या कचेरीत बाकांवर बसून आम्ही पंधरा-वीस ग्रामसेवक कितीतरी अर्धी कामं पूर्ण करायचो, आणि त्यातली बरीचशी पुढे खरंच पूर्ण व्हायची. मी तिथेच बसून नवा तक्ता लिहिला. ‘पूर्ण’ हा शब्द मी जरा मोठा काढला. ढालीच्या प्रस्तावाला ग्रामसभेचा ठरावही लागणार होता, आणि ठराव मांडणाऱ्याच्या सही-अंगठ्यासह त्याची एक प्रत.

ग्रामसभा एप्रिलच्या सुरुवातीला. दवंडी दिली. शाळेत आठ माणसं आली, त्यातली दोन सावलीला. बाकी गाव कांदा काढायला रानात. कायद्यानं सभा तहकूब करून परत बोलवायला हवी होती. तसं कुणीच करत नसे. आमच्याकडे सभाच लोकांकडे जायची. मी ठराव आधी लिहून ठेवायचो, मग वही काखेत मारून घरोघर, बांधाबांधावर सह्या आणि अंगठे घेत फिरायचो. प्रत्येक ठरावाखाली तो कुणी मांडला आणि कुणी त्याला अनुमोदन दिलं ही नावं लागतात, तीही मीच ठरवायचो. त्या गावात कधीच न झालेली कितीतरी भाषणं माझ्या वह्यांत आहेत.

नळाचा ठराव मी असा लिहिला होता: वस्तीतील नळामुळे तेथील पाण्याची अडचण कायमची दूर झाली, सबब ही सभा ग्रामपंचायतीचे आभार मानते. मांडणारं माणूस वस्तीतलंच असलं तर प्रस्तावाला वजन येईल, हे माझ्याच डोक्यातून निघालं. साहेबांनी सांगितलं नव्हतं, अण्णांनी तर नाहीच.

वस्तीत एक बाई होत्या, पन्नाशीच्या. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या, भावाच्या घराला लागून एका खोलीत राहायच्या. वस्तीतल्या पोरांच्या बापांची ती बहीण, म्हणून पोरं आत्या म्हणायची, आणि मग मोठी माणसंही आत्याच म्हणायला लागली. वस्तीत सोयरीक असो, भांडण असो, बाळंतपण असो, आत्याला विचारल्याशिवाय पान हलत नसे. नवऱ्याविना माहेरी राहणाऱ्या बाईला असा मान सहज मिळत नाही. तो त्यांनी दुसऱ्यांच्या उपयोगी पडून कमावला होता.

त्या एका मळ्यात बसून कांद्याची पात कापत होत्या. मी बांधावर वही उघडली, शाईचा पॅड पुढे केला.

“काय लिवलंय, भाऊसाहेब?”

“सभेला हजर होतात म्हणून. हजेरी.”

“सभा कवा झाली? मी तर हितंच हाय सकाळधरनं.” त्या हसल्या.

“तशी पद्धत असते, आत्या.”

“आसंल. तुमी शिकल्याली मानसं.” त्यांनी पदराला हात पुसला आणि वहीत डावा अंगठा उठवला. मी प्रतीचा कागद पुढे केला. “ह्ये आनि काय?”

“त्याचीच नक्कल.”

दुसरा अंगठा उठला. “नळाला पानी कवा येनार वो?”

“पावसाच्या आत.”

“लय बरं व्हईल,” असं म्हणून त्यांनी अंगठा कांद्याच्या पातीला पुसला आणि परत विळा घेतला. मी दोन्ही ठिकाणी अंगठ्याशेजारी त्यांचं नाव लिहिलं, अगदी छापल्यासारखं.

ढाल आम्हाला मिळाली. अण्णा फेटा बांधून नाशिकला गेले आणि ती घेऊन एसटीनं परत आले. वेशीत हलगी वाजली. वस्तीतली माणसंही ओढा उतरून बघायला आली होती, आत्या पुढे उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. मला तेव्हा जरा कसंसंच झालं. पण पाइप शाळेत होते आणि पाऊस यायला वेळ होता, म्हणून मी मनाची समजूत घातली.

पाऊस लवकर आला आणि धो धो आला. ओढ्याच्या पुरात विहिरीकडून टाकीकडे येणारी मुख्य पाइपलाइन वाहून गेली. सगळ्या गावाचं पाणी बंद. अण्णांनी मला विचारलं, “शाळेतले पाइप लावू का तिथं?” मी लावा म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चार दिवसांत गावाचा नळ सुरू झाला. वस्तीसाठी नवे पाइप मागायचा अर्ज घेऊन मी येवल्याला गेलो.

“कुठल्या कामासाठी?” साहेबांनी विचारलं.

“वस्तीतल्या नळासाठी.”

“तो पूर्ण झालाय. पूर्ण झालेल्या कामाला परत पाइप कसा मागणार? मागायचाच तर आधी लिहून द्या की अहवाल चुकला होता. ढालही परत करावी लागेल, आणि तुमचं काय होईल ते तुम्ही समजा.”

मी अर्ज घडी करून खिशात घातला. माझं नुकतंच लग्न झालं होतं, नोकरी कायम व्हायची होती. घाबरलो. अण्णांना सांगितलं की पाइपांचा तुटवडा आहे, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष दोनदा आलं आणि गेलं. वस्तीतले दोन नळ ओट्यावर तसेच उभे होते. एका तोटीच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं. मी वस्तीत जायचं टाळायला लागलो.

मग एक पावसाळा कोरडा गेला. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच विहीर आटली आणि गावाला टँकर मंजूर झाला. टँकर विहिरीत ओतायचा, तिथून पाणी टाकीत, टाकीतून नळांना. ज्या वस्त्यांना नळ नाही, त्यांच्यासाठी टँकरची वेगळी खेप होती. आमच्या वस्तीला ती नव्हती. यादी कचेरीत अहवालांवरून बनली होती आणि अहवालात वस्तीला नळ होता, तोही दोन तोट्यांचा. चौकातल्या नळाला जेमतेम अर्धा तास पाणी यायचं. वस्तीच्या बायकांचा नंबर लागायच्या आत ते संपायचं. मैलभरावरच्या एका मळ्यातली विहीर तेवढी उरली होती, मालक हाकलत नसे इतकंच.

आत्या दोन बायकांना घेऊन येवल्याला तक्रार करायला गेल्या. त्या दिवशी आमची महिन्याची बैठक होती, म्हणून मी कचेरीतच होतो. बैठकीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेर टेबलाशी आत्याचा आवाज आला. “आमच्या वस्तीला पानी नाय, सायेब. टँकर पाठवा.”

कारकुनानं कपाटातून ढालीची फाइल काढली. माणूस वाईट नव्हता, बसा म्हणाला. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. वस्तीतील नळामुळे तेथील पाण्याची अडचण कायमची दूर झाली. खाली ठराव मांडणाऱ्याचं नाव वाचलं. “हे तुमचंच नाव ना? आणि हा अंगठा?”

उघड्या दारातून मला त्या दिसत होत्या. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. सोबतच्या दोघी त्यांच्याकडे बघत होत्या.

“माझाच हाय,” आत्या म्हणाल्या.

मला उठून बाहेर जाता आलं असतं. पंधरा पावलं होती. मी मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहीत बसलो, आणि त्या तिघी जाईपर्यंत मान वर केली नाही.

वस्तीत ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. आत्यानं नळ मिळाला म्हणून लिहून दिलं. कशाच्या बदल्यात दिलं, काय घेतलं, यावर ज्याला जे सुचेल ते बोललं गेलं. भावजयीनं बोलणं टाकलं. मळ्यातल्या विहिरीवर बायका घोळक्यानं जायच्या, आत्या भर दुपारी एकट्या जायच्या. त्या उन्हाळ्यात वस्तीत एक लग्न जमलं, बैठकीला त्यांना बोलावलं नाही. हे मला ग्रामपंचायतीचा शिपाई सांगायचा. मी ऐकून घ्यायचो आणि विषय बदलायचो.

एक दिवस वस्तीतली एक तरुण बाई दाखला न्यायला ग्रामपंचायतीच्या कचेरीत आली. दाखला घेऊन झाला तरी ती उभीच राहिली.

“भाऊसाहेब, आत्या म्हनत्यात, तुमी हजेरी म्हनून आंगठा घेतला. खरं हाय का?”

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आत्याच्या बाजूनं वस्तीत उभं राहायची तिची तयारी होती, तिला माझा फक्त एक होकार हवा होता. खुर्चीत बसल्या बसल्या मला सगळं दिसलं, चौकशी, निलंबन, परत गेलेली ढाल, सासऱ्यांचं तोंड.

“मी वाचून दाखवलं होतं,” मी म्हणालो. “त्यांच्या लक्षात नसेल.”

ती बरं म्हणाली आणि गेली. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. अहवालात मी लिहिलं ते सगळे लिहायचे, हे मी स्वतःला सांगू शकतो. हे वाक्य मात्र माझ्या एकट्याचं होतं, आणि ते कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. आजही भाकरी मोडताना, अंघोळ करताना, कधीही ते मला ऐकू येतं आणि स्वतःची लाज वाटते.

वस्तीला पाणी आलं, पण माझ्या नंतरच्या ग्रामसेवकाच्या काळात. त्यानं वेगळ्याच योजनेत पाइप मिळवले. तालुक्याच्या एका बैठकीत तो मला हसत हसत म्हणाला, “तुम्ही केलेलं काम मी परत पूर्ण केलं, भाऊसाहेब.” मीही हसलो. आत्याचं विचारलं, तर म्हणाला त्या मनमाडला लेकीकडे गेल्या, वस्तीत करमत नव्हतं म्हणे.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते माझ्या बदलीच्या दिवशी. पेठ तालुक्याच्या बाजूला बदली झाली होती. अण्णांनी शाळेत नारळ आणि टोपी देऊन निरोप दिला, दोन माणसं माझ्या अक्षरावर बोलली. उन्हं उतरताना मी एकटाच फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो. आत्या मळ्याच्या बाजूनं डोक्यावर हंडा घेऊन येताना दिसल्या. मला वाटलं आता त्या शिव्या देतील, आणि खरं सांगतो, द्याव्यात असंच वाटत होतं. त्यांनी हंडा उतरवून दगडावर ठेवला.

“भाऊसाहेब, जाताय म्हनून इचारते. त्या कागदावरचा माझा आंगठा पुसता येतो का वो?”

त्या मला माफी मागायला लावायला आल्या नव्हत्या. अजूनही मी शिकलेला माणूस होतो आणि त्यांना माहिती हवी होती.

“नाही, आत्या,” मी म्हणालो. “सरकारी कागद आहे तो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. हंडा परत डोक्यावर घेतला आणि ओढ्याकडे चालू लागल्या.

पुसता येत नव्हता, पण दुरुस्त करता येत होता. मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचतात आणि चुकीचं असेल तर तसा ठराव करतात. नियम मला तोंडपाठ होता. नाहीतर साध्या कागदावर मी एवढंच लिहून दिलं असतं की हा अंगठा हजेरीचा सांगून मी घेतला, तरी तो कागद वस्तीत कुणीतरी वाचून दाखवला असता. चार ओळी झाल्या असत्या. खिशात पेन होतं, पिशवीत कोरे कागद होते.

एसटी त्या दिवशी पाऊण तास उशिरा आली.